ट्रम्पतात्यांची दंडेली: अमेरिकेचा वचक वाढला की पत गेली?

रिकामटेकडा: २८ फेब्रुवारी २०२५चा तो ओव्हल ऑफिसातला व्हिडिओ काल पुन्हा पाहिला. आधी एका पत्रकाराने युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना विचारलं, सूट का नाही घातला? मग तात्या आणि उपाध्यक्ष व्हान्स दोघांनी कॅमेऱ्यांसमोर त्यांना धारेवर धरलं. पाहुणा न जेवताच बाहेर. विमानवाहू नौका आहेत तेवढ्याच आहेत, पण तात्यांनी अमेरिकेच्या शब्दाची किंमत घालवली असं माझं मत. हाणा आता.

खडूस_काका: जेवण राहिलं, पण त्या दिवशी अडकलेला खनिजांचा करार? ३० एप्रिलला युक्रेनने मुकाट सही केलीच की! नाटो या लष्करी युतीचं बघा. २०१४ साली ठरल्याप्रमाणे जीडीपीच्या २ टक्के संरक्षणावर खर्च करायला युरोपातले निम्मेअधिक वर्षानुवर्षं टाळाटाळ करत होते. तात्यांनी डोळे वटारले आणि जून २०२५मध्ये हेगच्या नाटो परिषदेत २०३५पर्यंत ५ टक्क्यांवर माना डोलल्या. सरचिटणीस रुटे तर त्यांना 'डॅडी' म्हणाले!

रिकामटेकडा: गल्लीतल्या दादालाही सगळे 'भाऊ' म्हणतात, काका. सोयरीक करायला कोणी जात नाही. शिवाय त्या ५ टक्क्यांत दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा असलं काहीबाही आहे. स्पेनने तर तेव्हाच अंग काढून घेतलं.

परदेशी_पाखरू: मला तात्यांचा ग्रीनलंडवरचा डोळा जास्त खटकतो. नाटोचं कलम ५ (एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला) आजवर एकदाच लागू झालं, ९/११नंतर, तेही अमेरिकेसाठी. डेन्मार्कची पोरं अफगाणिस्तानात जाऊन मेली. त्याच डेन्मार्कच्या बेटावर सैन्य पाठवणार नाही, एवढंसुद्धा जानेवारी २०२५मध्ये तात्या बोलायला तयार नव्हते.

खडूस_काका: ताई, तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांनी ऑगस्ट १९७१मध्ये दोस्तांना न विचारता डॉलरची सोन्याशी गाठ तोडली. तेव्हाही बोंब झाली होती. फेब्रुवारी १९७२मध्ये गडी थेट माओच्या भेटीला! डॉलर अजून चालतोय.

तर्रीबाज: अहो, निक्सनने चीन-रशियातल्या फुटीचा फायदा उचलला. इथे तात्यांनी २७ ऑगस्ट २०२५पासून आपल्यावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, त्यातला अर्धा रशियन तेलाचा दंड. आठवडा उलटायच्या आत मोदी तियानजिनमध्ये शी आणि पुतिन यांच्याबरोबर हसताना दिसले. सात वर्षांनी चीनला गेले होते! निक्सनचा डाव उलटा खेळला की हा.

खडूस_काका: फोटो झकास होता. पण आपली सगळ्यात जास्त निर्यात अमेरिकेलाच जाते ना? म्हणून तर फोटो काढून झाल्यावरही आपली माणसं करारासाठी वॉशिंग्टनशीच बोलत राहिली. तुमची कोळंबी आणि हिरे शी जिनपिंग घेणार आहेत का?