मदत हवी आहे : ट्रकचा एकच ब्रेक ड्रम तापतो

इंदूरहून परतताना बिजासन घाट उतरून शिरपूरला पोहोचेपर्यंत आमच्या ट्रकचा मागील डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम इतका तापतो की, जळक्या लायनरचा (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या अस्तराचा) वास केबिनपर्यंत येतो. लायनर नवे आहेत, स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर-ड्रममधील अंतर राखणारा भाग) योग्य बसवला आहे आणि जॅकवर चाक हाताने मोकळे फिरते. मात्र पेडल सोडल्यावर इतर चाकांचे पुशरॉड (ब्रेक लावताना पुढे सरकणारे दांडे) झटकन मागे येतात, तेव्हा हा रेंगाळत येतो. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतल्याने पूर्वी एक ड्रम तडकला होता, म्हणून आता तो सावलीत आपोआप निवू देतो. एस-कॅमचे (फिरून लायनर ड्रमवर दाबणाऱ्या दांड्याचे) बुश आधी उघडावे की ब्रेक चेंबर (हवेच्या दाबाने पुशरॉड ढकलणारा डबा), हे अनुभवी मिस्त्रींनी कृपया सांगावे. परवा सावद्याहून केळी भरायची आहेत.