मदत हवी आहे : ‘डेडलाइन’ ओलांडल्याबद्दल गोळी?

शब्दार्थी : एका इंग्रजी मजकुराचे भाषांतर करताना, ‘डेडलाइन’ ओलांडल्याबद्दल पहारेकऱ्याने एका माणसाला गोळी घातल्याचे वाक्य आले आहे. शब्दकोशातला मुदतीचा अर्थ येथे बसत नाही. मजकूर उद्या सकाळी द्यावयाचा असल्याने कृपया थेट व्युत्पत्ती सांगावी.

खिळेजुळारी : हा शब्द छापखान्यातला आहे. सिलिंडर यंत्राच्या बेडवर एक रेघ असे आणि तिच्यापलीकडे गेलेला मजकूर कागदावर उठत नसे. माझी निम्मी हयात फर्मे आवळण्यात गेली असल्याने याबाबत दुसरे मत ऐकण्याची मला गरज वाटत नाही.

तळटीप : छपाईची रेघ ओलांडली म्हणून कोणी गोळी घालीत नाही. मजकूर कोणत्या सालचा आहे, घटना कोठली आहे आणि मुळात ‘डेड’ व ‘लाइन’ सुटे छापले आहेत की जोडून, हे आधी सांगावे.

रविवारचा वाचक : त्यापेक्षा प्रकाशकाकडून मुदत वाढवून घ्यावी. मी नेहमी तेच करतो.

शब्दार्थी : मुदतवाढीबद्दल मी विचारलेले नाही. शब्द सुटे आहेत. साल १८६५, वॉशिंग्टनमधील लष्करी खटला, आरोपी विर्झ. हे आधीच्या पानावर असल्याने लिहिले नव्हते.

तळटीप : हे पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर काम झाले असते. हेन्री विर्झ हा अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर अधिकारी होता. १८६४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या या तळावर उत्तरेचे सुमारे ४५,००० सैनिक कोंडले गेले आणि त्यांपैकी जवळजवळ १३,००० तेथेच मेले. ओंडक्यांच्या उंच कुंपणाच्या आत काही फुटांवर एक हद्द आखलेली होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्यावर मचाणावरील पहारेकरी गोळी झाडीत; हीच ‘डेड लाइन’. आरोपपत्राप्रमाणे ही हद्द म्हणजे कच्च्या खुंटांवर ठोकलेल्या, जागच्या हलणाऱ्या फळ्यांच्या पट्ट्या होत्या आणि कित्येक ठिकाणी त्याही नव्हत्या, म्हणजे कैद्याने न दिसणारी रेषा ओळखून जीव वाचवायचा! विर्झला १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी झाली. मुदतीचा अर्थ अमेरिकी वृत्तपत्रसृष्टीत १९२० च्या सुमारास रूढ झाला.

खिळेजुळारी : वृत्तपत्र आणि छापखाना एकाच छपराखाली असत. तुरुंगाच्या कुंपणातला शब्द अर्धशतकानंतर थेट संपादकाच्या टेबलावर उतरला, हे मला पटत नाही.

तळटीप : मुदतीच्या अर्थापुरते आपले म्हणणे विचारात घेता येईल, परंतु छपाईतला वापर विसाव्या शतकातला असल्याने १८६५ च्या वाक्याला तो लावता येणार नाही. शब्दार्थी, ‘मृत्युरेषा’ लिहून पहिल्या उल्लेखाला एका ओळीचे स्पष्टीकरण जोडावे.

शब्दार्थी : तसेच करते. त्याच पानावर ‘स्टॉकेड’ही आहे, तेवढे सांगाल का?