मदत हवी आहे: अमेरिकेतला युवा रोजगार निधी, बेकारी वाढूनही आमचा वाटा कमी का?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत सरकारी अनुदानाच्या कामात असलेलं कुणी इथे आहे का? पुढच्या गुरुवारी बोर्डाची बैठक आहे, त्याआधी मला एक हिशेब समजून घ्यायचा आहे.

मी मिडवेस्टमधल्या एका ग्रामीण काउंटीत राहते. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांना कामाला लावणाऱ्या एका छोट्या संस्थेचे हिशेब बघते. आमचा बहुतेक पैसा २०१४ च्या वर्कफोर्स इनोव्हेशन अँड अपॉर्च्युनिटी ॲक्टमधल्या युवा निधीतून येतो. केंद्राकडून राज्याला, राज्याकडून लोकल एरियाला (राज्याने या निधीसाठी पाडलेल्या विभागाला) आणि तिथल्या बोर्डाकडून कंत्राटाने आम्हाला. १ जुलैपासून नवं वर्ष सुरू होतंय आणि आमच्या एरियाची रक्कम साडेचौदा टक्क्यांनी घटली आहे. कारण विचारलं तर "फॉर्म्युला आहे" एवढंच उत्तर मिळालं.

माझे वडील जिल्हा परिषदेत नोकरीला होते. जिल्हा नियोजन समितीत निधीवरून होणारी ओढाताण लहानपणापासून कानावर पडलेली. त्यामुळे इथेही कुणाचं तरी वजन कमी पडलं असेल असं आधी वाटलं. मग कायदा वाचला. राज्यपाल १५ टक्क्यांपर्यंत रक्कम राज्यपातळीच्या कामांसाठी ठेवू शकतात, बाकीची सूत्राने खाली जाते. एक तृतीयांश जास्त बेकारीच्या पट्ट्यांतल्या बेकारांवर, एक तृतीयांश ४.५ टक्क्यांच्या वरच्या बेकारांवर आणि एक तृतीयांश गरीब घरांतल्या १६ ते २१ वयाच्या मुलांवर.

इथेच मी अडकले आहे. आमची बेकारी ५.४ वरून ५.९ टक्क्यांवर गेली. गरीब मुलांचा आकडा गेल्या वर्षीचाच आहे. तरी राज्याच्या रकमेतला आमचा हिस्सा, जो दोन वर्षांपूर्वी ४ टक्के आणि गेल्या वर्षी ३.६ टक्के होता, तो यंदा ३.४२ वर आला. हे कसं?

आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. वेल्डिंगच्या दुकानात शिकतो, पगार आम्ही देतो. सकाळी पावणेसातला हेल्मेट मांडीवर घेऊन आमच्या पायरीवर व्हॅनची वाट बघत बसलेला असतो. त्याचे सहा आठवडे अजून बाकी आहेत आणि ते जुलैत जातात. त्याला काय सांगू?

प्रतिसाद

ताई, मी एका राज्याच्या कामगार खात्यात काही वर्षं हेच कोष्टक भरत होतो. तुमच्या ३.४२ मध्येच उत्तर आहे. ४ आणि ३.६ यांची सरासरी ३.८, तिचे ९० टक्के म्हणजे ३.४२. मागच्या दोन वर्षांच्या सरासरी हिश्श्याच्या ९० टक्क्यांखाली कुठल्याही एरियाला नेता येत नाही. म्हणजे सूत्राने तुमचा हिस्सा याहूनही कमी येत होता, या तळाने तुम्हाला धरलंय.

पण हा तळ टक्केवारीचा आहे, डॉलरचा नाही. हिस्सा ३.६ वरून ३.४२ झाला, म्हणजे ०.९५ पट. राज्याची रक्कमच यंदा १० टक्क्यांनी घटली असेल, तर ०.९५ गुणिले ०.९० म्हणजे ०.८५५. बरोबर तुमचे साडेचौदा टक्के. राज्याला आलेली रक्कम जाहीर असते, पडताळून बघा.

आता बेकारी. सूत्र तुमची बेकारी वाढली का हे बघत नाही, इतरांच्या तुलनेत तुमच्याकडे किती बेकार आहेत ते मोजतं. शिवाय पहिल्या तृतीयांशासाठी ६.५ टक्के बेकारी लागते. अख्ख्या काउंटीची ५.९ असली तरी एकमेकांना लागून असलेले सेन्सस ट्रॅक्ट (जनगणनेसाठी पाडलेले छोटे भाग) जोडून, किमान १०,००० वस्तीचा आणि किमान ६.५ टक्के बेकारीचा पट्टा आखता येतो. आखतं राज्य. तुमचा ट्रॅक्ट गेल्या वर्षी आत होता आणि यंदा बाहेर आहे का, हे नकाशा मागवून बघाच. माझ्या अनुभवात गोंधळ बहुतेक वेळा इथेच सापडतो. गरीब मुलांचा आकडा जनगणना खात्याच्या पाच वर्षांच्या सर्वेक्षणातून येतो, तो दरवर्षी हलत नाही.

आणखी एक विचारा: राज्य ३० टक्क्यांपर्यंतची रक्कम वेगळ्या निकषांवर वाटतं का? ग्रामीण भागातली तरुणांची जादा गरिबी त्यात धरता येते. कायद्यात तरतूद आहे, पण राज्याने ती आपल्या आराखड्यात घ्यावी लागते.

त्या मुलाचं म्हणाल, तर लोकल एरियाला एका वर्षाचा पैसा त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी खर्चता येतो. गेल्या वर्षीचा शिल्लक किती, ते बोर्डाला विचारा. युवा निधीचा किमान २० टक्के भाग प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर खर्च करणं बंधनकारक आहे आणि त्याचा पगार त्यातच बसतो.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. राज्याची रक्कम पाहिली, १० टक्क्यांनीच घटली आहे. नकाशाही आला. नदीपलीकडचे तीन ट्रॅक्ट आत आहेत, आमचा गेल्या वर्षी होता, यंदा नाही. का वगळला ते लेखी विचारलंय.

बैठकीत बोलायला तीन मिनिटं मिळतात. आधी शिल्लक रकमेचा प्रश्न घेते आहे, नकाशाचा नंतर. शुक्रवारी सकाळी तो पायरीवर बसलेला असेल, तेव्हा त्याला सांगायला माझ्याकडे आकडा हवा.