३-५००झेडच्या जोडीत एकच प्लेट नारिंगी होते: थंडावा कमी पडतोय की ट्यूनिंग चुकतंय?

लघुलहरी
माझ्या हॅम रेडिओला दोन ३-५००झेड पॉवर ट्यूबांचा ग्राउंडेड-ग्रिड अँप (ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा अँप्लिफायर, ट्यूबची ग्रिड अर्थला जोडलेली) आहे. एसएसबीवर (बोलण्याच्या प्रसारणात) सगळं ठीक चालतं. एफटी८वर (संगणकी डिजिटल संदेशांत) मात्र दहाएक मिनिटांत डाव्या ट्यूबची प्लेट (करंट गोळा करणारा आतला धातूचा भाग) नारिंगी दिसायला लागते, उजवी जेमतेम लालसर. २० मीटर बँडवर की दाबल्यावरची (प्रसारण चालू असतानाची) रीडिंग अशी: प्लेट २७०० व्होल्ट, ७०० मिलिअँप, ग्रिड १३० मिलिअँप, आउटपुट ९५० वॅट. डाव्या सॉकेटमधली आधीची ट्यूब ग्रिड (करंट आवरणारी जाळी) आणि फिलामेंट (तापणारी तार) शॉर्ट होऊन गेली, म्हणून आता धाकधूक वाटते. पंखा बदलावा, डावी ट्यूब बदलावी की पॉवर कमी करावी? शिवाय चार वर्षं खोक्यात पडून असलेली एक सुटी ट्यूब आहे. ती सरळ लावली तर चालेल का?

पाय_नेटवर्क
ओएम (हॅम मित्रा), प्लेट लाल दिसली म्हणून घाबरू नका. ३-५००झेडची प्लेट ५०० वॅट उष्णता सोसण्यासाठीच बनवलेली आहे आणि तेवढ्या उष्णतेला ती रंग धरतेच. किंबहुना तिने अधूनमधून लाल व्हायलाच हवं. ट्यूबमधला उरलासुरला वायू शोषणारा गेटर प्लेटवरच असतो आणि प्लेट तापल्याशिवाय तो काम करत नाही. खरी काळजी काचेला जोडलेल्या धातूच्या सीलची. प्लेट सीलची मर्यादा २२५ अंश सेल्सिअस, पिनांची २००.

आता तुमचा हिशेब मांडू. २७०० गुणिले ०.७ म्हणजे १८९० वॅट आत जातात, ९५० बाहेर येतात. उरलेले ९४० वॅट दोन प्लेटांवर. म्हणजे समसमान वाटले तरी प्रत्येकी ४७० आणि तुमच्याकडे वाटणी समान नाही. कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली आहे, ती ६० च्या वर हवी. शिवाय ग्रिड करंट कमी आहे. या ट्यूबमध्ये नीट लोडिंग (अँटेनाकडे पॉवर किती घट्ट जोडली आहे ते) असेल तर तो प्लेट करंटच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. प्लेट करंट जास्त, ग्रिड कमी, आउटपुट कमी, ही लक्षणं जास्त घट्ट लोडिंगची. लोड कपॅसिटर थोडा मिटवा (कपॅसिटन्स वाढवा), लगेच प्लेट कपॅसिटरने आउटपुट पुन्हा शिखरावर आणा, ग्रिड करंट १८० ते २०० च्या आसपास येईपर्यंत हे आलटून पालटून करा. एका वेळी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त की दाबू नका, मध्ये वीस सेकंद उसंत द्या. ग्रिड एकदम उसळला तर उलट चूक झाली, लोडिंग फार सैल पडलं. त्यात ग्रिड तापते आणि ग्रिड-फिलामेंट शॉर्टकडे नेणारी ती एक वाट आहे.

एफटी८चं प्रसारण दर ३० सेकंदांत सुमारे १२.६ सेकंद चालतं. प्लेट तेवढ्यात पूर्ण तापते. सील आणि पिना मात्र हळूहळू, सरासरीने तापतात. म्हणून दहा मिनिटांनंतरचं चित्र महत्त्वाचं. आरटीटीवायवर (रेडिओ टेलिटाइपवर) तर मध्ये उसंतच नसते, तिथे पॉवर निम्मी ठेवा.

रिसीव्हमध्ये ट्यूब पूर्ण कट-ऑफ (करंट बंद) होते का, तेही बघा. आराम-करंट (सिग्नल नसतानाचा करंट) २०० मिलिअँप धरला तरी २९०० व्होल्टला ५८० वॅट नुसते तापण्यात जातात.

तांब्याची_तार
वरच्या हिशेबाशी सहमत, पण असमान रंगाचं कारण मी ट्यूनिंगमध्ये शोधणार नाही. दोन ट्यूबांची अदलाबदल करा. नारिंगी रंग ट्यूबबरोबर उजवीकडे गेला तर जोडी जुळलेली नाही. डाव्या सॉकेटलाच राहिला तर दोष सॉकेटचा, आणि बहुधा उजव्या सॉकेटचा! फिलामेंटला व्होल्टेज कमी मिळणारी ट्यूब कमी करंट देते, तिचं ओझं शेजारणीवर पडतं. म्हणजे जी फिकी दिसते तिच्याकडे आधी बघायचं.

फिलामेंट ५ व्होल्ट, १४.५ अँपिअर. इतक्या करंटला सॉकेटच्या ढिल्या पकडीत ०.०२ ओहम जरी रोध असला तरी ०.२९ व्होल्ट तिथेच जातात आणि ४ वॅटहून जास्त उष्णता त्या एका पिनेत मुरते. ती पिन निळसर-काळी पडते, आतलं सोल्डर मऊ होतं, कधी टोकाशी चकचकीत थेंब लोंबताना दिसतो.

मोजायची पद्धत: प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर ब्लीडर रोधातून रिकामे होऊ द्या, मीटर शून्यावर आला तरी अर्थिंग काठीने प्लेट लाइन शॉर्ट करून खात्री करा. हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी सोडवून ठेवा. मग पंखा आणि फिलामेंट एवढंच चालू करून पिन १ आणि ५ मध्ये ट्रू-आरएमएस मीटरने मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवं. सॉकेटखालून पिनेचं टोक दिसत असेल तर मीटरची एक टोकणी तिथे, दुसरी त्याच पिनेच्या सोल्डर टॅगवर धरा. इथे जवळपास शून्यच यायला हवं.

पंख्याबद्दल: एका ट्यूबला मिनिटाला सुमारे १३ घनफूट हवा लागते आणि ती सॉकेटखालून वर, पिनांवरून, चिमणीतून (ट्यूबभोवतीच्या नळीतून) प्लेट सीलपर्यंत गेली पाहिजे. साध्या चौकोनी पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. सॉकेटच्या अरुंद फटींतून ढकलताना त्याचं बळ कोसळतं, तिथे ब्लोअरच लागतो. चिमणी जागेवर नसेल तर हवा कडेने निसटते. १५०० मीटर उंचीवर हवा साधारण १४ टक्के विरळ असते, म्हणजे तिथे जास्त लागेल. सीलचं तापमान बघायला प्लेट कॅपवर उष्णतेने रंग बदलणाऱ्या पट्टीचा तुकडा लावा.

लघुलहरी
अदलाबदल केली, रंग डाव्या सॉकेटलाच राहिला. उजव्या सॉकेटला पिनांवर ४.६ व्होल्ट, डाव्याला ४.९५. उजवीकडची एक पकड ढिली आणि काळवंडलेली होती. साफ करून घट्ट केल्यावर दोन्हीकडे ४.९. नव्या ट्यूनिंगने २७५० व्होल्ट, ६०० मिलिअँप, ग्रिड १९०, आउटपुट १०५०. दोन्ही प्लेटा आता सारख्याच मंद लाल. सुट्या ट्यूबचं तेवढं सांगा.

स्थिर_प्रवाह
१६५० पैकी १०५० बाहेर, म्हणजे प्रत्येक प्लेटवर ३०० वॅट. हे छान झालं. पण काळवंडलेली पकड तापून मऊ झालेली असते, पुन्हा ढिली पडेल. ती बदलाच.

पडून राहिलेल्या ट्यूबमध्ये थोडा वायू साचलेला असू शकतो. सरळ पूर्ण व्होल्टेज दिलं तर आत ठिणगी पडते आणि फिल्टर कपॅसिटरमधली सगळी ऊर्जा एका क्षणात तिच्यातून जाते. आधी ओहममीटरने ग्रिड-फिलामेंट शॉर्ट नाही ना, ते बघा. मग हाय व्होल्टेजशिवाय, पंखा चालू ठेवून, काही तास नुसतं फिलामेंट पेटवा. नंतर शक्य असेल तर कमी व्होल्टेजच्या टॅपवर, थोड्या ड्राइव्हने (आत येणाऱ्या सिग्नलने), प्लेट मंद लाल होईल इतपत चालवा, म्हणजे गेटर कामाला लागेल. त्यानंतरच पूर्ण पॉवर.

तरीही ठिणगी पडलीच तर नुकसान मर्यादित राहावं म्हणून प्लेट सप्लायच्या धन बाजूला ५० ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रोध टाका. ३००० व्होल्टला फॉल्ट करंट ६० अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. नेहमीच्या ६०० मिलिअँपला त्यात १८ वॅट जिरतात, तेव्हा त्याला हवेच्या वाटेत बसवा. प्लेट लाइनवरच्या पॅरासिटिक सप्रेसरचा (नको असलेली दोलनं थोपवणाऱ्या भागाचा) रोधही मोजा. मागची ट्यूब गेली तेव्हा तो जळून त्याचं मूल्य बदललं असेल, तर नवी ट्यूबही व्हीएचएफवर (फार उच्च वारंवारतेवर) दोलन करून त्याच वाटेने जाईल. ७३ (शुभेच्छा)