चर्चला कुलूप होतं तेव्हाचे अनुभव लिहा (लॉकडाऊन, मोबाइलवरची उपासना, सगळंच)

नगरची लेक
ईस्टरच्या आधी बाकांना व्हार्निश मारायचं म्हणून परवा आम्ही बायका चर्चमध्ये जमलो होतो. तिसरा बाक आडवा केला तर मागे पिवळी पट्टी. "येथे बसू नये." बाकी सगळ्या पट्ट्या केव्हाच निघाल्या, हीच कशी राहिली कोण जाणे.

तो बाक माझ्या सासूबाईंचा. नाव लिहिलेलं नव्हतं, पण चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणाची तिथे बसायची छाती झाली नाही. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू, तो रविवारच होता. एक रविवार चुकला तर चुकला, म्हणाले सगळे. कुलूप निघालं ते १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. मधले रविवार सासूबाई मोबाइलसमोर बसायच्या. इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर, मांडीवर गीतांचं पुस्तक, 'उपासना संगीत'. पाळकसाहेब "उभे राहू या" म्हणाले की ह्या उभ्या. मी आपली ओट्याशी कुकरच्या शिट्ट्या मोजत. एकदा म्हणाल्या, "चर्चमध्ये कधी शिट्टी ऐकलीस का गं?" तेव्हापासून रविवारी भात पातेल्यात.

दर रविवारी पाकिटात पन्नास रुपये घालायच्या, वर तारीख लिहायच्या आणि पाकीट बिस्किटांच्या डब्यात. सप्टेंबरात त्या गेल्या, कोविडनेच. मातीला आम्ही चौघंच. २२ नोव्हेंबरला पहिली उपासना झाली तेव्हा डबा घेऊन गेले. पंचवीस पाकिटं निघाली. खजिनदार काका म्हणाले, एकच पावती करू का? मग माझ्याकडे बघितलं आणि पंचवीस फाडल्या.

तुमच्याकडचं लिहा. कुठल्याही चर्चचे असा, नसलात तरी लिहा.

कुपारी पोऱ्या
ताई, कुकरचं वाचून हसलो आणि पुढे गप्प झालो.
आमच्या वसईत ५ एप्रिल झावळ्यांचा रविवार. दरवर्षी चर्चच्या पटांगणात झावळ्यांचं जंगल असतं. त्या वर्षी वाडीतल्याच माडाची पाती काढून क्रूस विणला, दाराला बांधला. फादरांनी रिकाम्या चर्चमध्ये मिस्सा (आमची उपासना) केली, मोबाइल धरायला एक मुलगा. मोबाइल आडवा धरायचा हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आख्खी मिस्सा आल्तार (वेदी) उभा आणि फादर अर्धे. आणि त्याच रात्री ९ वाजता देशभर ते नऊ मिनिटांचे दिवे! शेजारच्या काकू गॅलरीतून विचारतात, तुमच्यात झावळ्यांना दिवे पण लावतात का हो? म्हटलं, या वर्षीपासून लावतात.

पाळकीणबाई
रविवारी लिहायला वेळ नसतो, आज सोमवार, पाळकसाहेब झोपलेत तोवर लिहिते.
आमची मंडळी जालन्याच्या पुढे खेड्यांत विखुरलेली. ऑनलाइन कसलं, अर्ध्या घरांत बटणांचे फोन. मग कॉन्फरन्स कॉल. एका वेळी थोडीच घरं जोडता यायची म्हणून हे एकच उपदेश सकाळपासून चारदा करायचे. चौथ्या वेळेपर्यंत उपदेश बरा व्हायचा असं माझं मत. म्यूट करणं कोणाला येत नव्हतं. बोकड, म्हैस, पोरांची भांडणं, कोणाचं तरी "ए पाणी आलं, पाणी आलं!" आणि मध्ये हे म्हणतायत, "तहानेल्याने यावे."
दान बंद तर पगार बंद, हे इथल्या लहान मंडळ्यांचं साधं गणित आहे. पाच महिने काही आलं नाही. रोख कोणाकडेच नव्हती, ऊसतोडीवरून परतलेली माणसं, ती कुठून देणार. पण ओट्यावर सकाळी ज्वारीचं पायलीभर गाठोडं ठेवलेलं असायचं, कोणी ठेवलं ते सांगायचं नाही. पितळी डबा मात्र परत पाहिजे असायचा, तो ज्याने नेला त्यावरून कळायचं. 😄

मिरजेची मावशी
वाचतेय. ड्यूटीवरून आले की लिहिते.

बर्दुबई
पाळकीणबाई, हंगामाच्या सणाचा लिलाव विसरलात वाटतं!!

पाळकीणबाई
बघा, आलेच हे. सांगते. आमच्याकडे पिकाचं पहिलं फळ चर्चमध्ये आणतात आणि मग लिलाव. एक नारळ पाचशेला जातो, हौसेचा मामला. २०२० ला लिलाव व्हॉट्सॲपवर घेतला. एक मोठा लाल भोपळा. बोली वाढत वाढत तीन हजारांवर गेली आणि घेतला कोणी, तर दुबईतल्या माणसाने. आता भोपळा दुबईला पाठवायचा कसा?

बर्दुबई
तो माणूस मीच. 🙋 भोपळा माझ्या आईकडे गेला. तिने महिनाभर मला रोज फोन करून सांगितलं की आज भोपळ्याचं काय केलं. घारगे, भाजी, भरीत, परत घारगे.
आमचं इथलं सांगतो. दुबईत तेव्हा सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारी. (शनिवार-रविवार सुट्टी २०२२ पासून सुरू झाली.) चर्च बंद झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा गावच्या रविवारच्या उपासनेला मी दर आठवड्याला हजर. तिकडे नऊ म्हणजे इकडे साडेसात, कामावर जाणाऱ्या बसमध्ये एक कानात वायर. गावी असताना तरी कुठे इतका नियमित होतो! कामगारांच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जण, त्यातले दोघे केरळचे, एक नेपाळी, सगळे माझ्या फोनवर मराठी गाणी ऐकायचे. पगार कापला होता, विमानं बंद होती. बाबांची तब्येत बिघडली तेव्हा पाळकसाहेबच पास काढून त्यांना औरंगाबादला घेऊन गेले. तीन हजारांत भोपळा स्वस्तच पडला.

गिरगावकर
हे थोडं जड आहे. ज्यांना नको त्यांनी पुढे जा.
३० मार्च २०२० ला मुंबईत आधी आदेश निघाला की कोविडने गेलेल्यांचं दहनच करायचं, धर्म कोणताही असो. त्याच दिवशी तो बदललाही. पण त्या काही तासांत आमच्या घरात जे झालं ते मला आठवतं, कारण आजोबा तापाने पडले होते आणि टीव्ही त्यांच्याच खोलीत होता. त्यांनी विचारलं, "मला आजीशेजारी ठेवणार नाही का?" पुढे एप्रिलात चेन्नईला एका डॉक्टरांच्या दफनाला जमावाने दगडफेक करून अडवलं ती बातमी. ती मात्र आम्ही त्यांना कळू दिली नाही, पेपर बंद होते ते बरंच झालं.
आजोबांना कोविड नव्हता, टायफॉइड निघाला. २०२३ ला गेले, आजीशेजारीच आहेत. पण शेजारच्या इमारतीतले एक अंकल मे महिन्यात गेले. आमच्या तरुण संघातले चौघे पीपीई घालून जायचे, त्यात मी एक. खड्डा नेहमीपेक्षा खोल घ्यायला सांगितलेला. पेटी दोरांनी उतरवायची तर हातमोज्यांत दोर सटकतो, हे कोणाला माहीत होतं? पाळक फाटकाबाहेरून मोठ्याने प्रार्थना म्हणाले. मी फोन धरला होता, पलीकडे काकू आणि त्यांची कॅनडातली मुलगी. चेहऱ्यावरच्या प्लास्टिकवर आतून वाफ, मला स्क्रीन दिसत नव्हता. नंतर कळलं की मी सगळा वेळ आकाशच दाखवत होतो. काकू म्हणाल्या, असू दे, आभाळ छान होतं.

नगरची लेक
गिरगावकर, 🙏

कुपारी पोऱ्या
🙏

साष्टीतला शेजारी
मी हिंदू, पण घर चर्चच्या मागे, म्हणून लिहितो. गोव्यात चर्चची घंटा दुपारी आणि संध्याकाळी वाजते, आमची आई त्यावर दूध तापवते, देवापुढे दिवा लावते. चर्च बंद होतं तरी घंटा वाजायची. एक दिवस संध्याकाळी वाजली नाही. आई अस्वस्थ. "पाद्रीबाब बरे आहेत ना बघून ये." दोर तुटला होता एवढंच.
मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते, मग उकडलेले चणे वाटतात. लहानपणापासून आम्हा मुलांचा रस फक्त चण्यांत. २०२० ला लदीन नाही. शेजारणीचा मुलगा क्रूझवर खलाशी, जहाज समुद्रातच अडकलेलं, कुठलं बंदर घेत नव्हतं. ती बिचारी एकटीच संध्याकाळी खुरसाकडे मेणबत्ती लावायची. आणि चणे उकडून आमच्या गेटला पिशवी अडकवायची.

मिरजेची मावशी
आले. सगळे गोड गोड लिहिताय, मी जरा कडू लिहिते. मी नर्स, तीस वर्षं झाली. २०२१ ला लस आली तेव्हा आमच्याच काही भावाबहिणींनी फॉरवर्ड फिरवले की ही बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली सैतानी श्वापदाची खूण आहे, ६६६. मी वॉर्डात माणसं ऑक्सिजनसाठी तडफडताना बघून घरी यायचे आणि फोन उघडला की हे. शेवटी पाळकांनी स्वतः आधी लस घेतली, फोटो टाकला. तर एकीने विचारलं, नुसता कापूस लावला नसेल कशावरून? ती बाई पुढे माझ्याच वॉर्डात दाखल. बरी झाली. अजून दर रविवारी भेटते, विषय काढत नाही. मी पण काढत नाही, पण विसरलेही नाही.
त्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला झाला आणि ५ तारखेला पुन्हा कुलूप. ते उघडलं थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. दोन्ही वेळा आमचं कुलूप हिंदू सणाला निघालं हे कोणी लक्षात घेतलंय का? 😀

अळणी वरण
घरी बसून प्रभुभोजन घेतलं का कोणी? आमच्याकडे पाळक म्हणाले, पोळीचा तुकडा आणि द्राक्षरस समोर ठेवा. द्राक्षरस कुठून आणणार लॉकडाऊनमध्ये. नवऱ्याने कोकम सरबत ठेवलं. रंग बरोबर, चव आंबट. मुलगी म्हणाली, आई, येशूला ॲसिडिटी होती का.

कुपारी पोऱ्या
😂😂 आमच्यात नाही चालत हं. फादरांनी अर्पण केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद नाही. आम्ही नुसती प्रार्थना म्हणायचो, मनाने स्वीकारायचं.

अळणी वरण
मग आमचं झालं की नाही?

गिरगावकर
कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं पाचशे वर्षांचं भांडण कोकम सरबतावर सोडवू नका रे.

पाळकीणबाई
कोकम कशाला? मनुका असतातच घरी. पावशेर काळ्या मनुका रात्री भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात उकळा, हाताने कुस्करून पातळ फडक्यातून गाळा. साखर अगदी थोडी. गार करून बाटलीत. आम्ही चर्चसाठी असंच करतो. पूर्वी एकच प्याला सगळ्यांना फिरायचा, आता आमच्याकडे छोटे छोटे पेले आलेत, ते धुवायचे कोणी? मीच.

अळणी वरण
बिया काढायच्या?

पाळकीणबाई
बिनबियांच्या आणा गं बाई.

बोर्डिंगवाला
आमचं मुलींचं बोर्डिंग. मार्च २०२० मध्ये दोन दिवसांत ६२ मुली घरी पाठवल्या, एसटी बंद व्हायच्या आत. एका ट्रंकेची किल्ली अजून माझ्या टेबलात आहे. ऑनलाइन शाळा म्हणजे बापाचा फोन, तो बाप कामावर. शिक्षिका पाड्यांवर जाऊन वह्या द्यायच्या.
त्यात सप्टेंबरमध्ये परदेशी मदतीचा कायदा बदलला. खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडायचं आणि एका संस्थेने दुसरीला पैसे पुढे द्यायचे नाहीत. आम्हाला तसेच यायचे, मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेला. बंद झाले. हिशेब चोख असावा हे मान्य, पण वेळ बघा. पुढे मुली परत बोलावल्या तेव्हा ४१ आल्या. बाकीच्यांपैकी सात जणींची लग्नं झालेली. एक दहावीतली, गणितात पहिली यायची. गेल्या वर्षी बाजारात भेटली, कडेवर मूल. "सर, माझी ट्रंक आहे का हो अजून?"

मिरजेची मावशी
दिलीत ना ट्रंक?

बोर्डिंगवाला
दिली. किल्ली लागलीच नाही, कुलूप तोडावं लागलं. किल्ली तिचीच होती की दुसरीची कोण जाणे.

कुपारी पोऱ्या
आमच्याकडे लग्नाची गंमत. लग्नाच्या आधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. चर्चमध्ये माणूसच नाही, हरकत घेणार कोण? फादरांनी ऑनलाइन मिस्सेत वाचली. खाली लगेच कोणीतरी अंगठा दाखवला 👍. आता ही हरकत की शुभेच्छा? माझंच लग्न होतं, म्हणून आठवतंय. पन्नास माणसं. आमच्या घरातलेच शंभर.
२०२० च्या नाताळात तर रात्री ११ ला संचारबंदी, मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी. येशू लवकर जन्मला म्हणून पोरं खूश, फुगे लवकर तळून झाले.

साष्टीतला शेजारी
फुगे म्हणजे?

कुपारी पोऱ्या
मैद्याचे, आंबवून तळायचे, आत पोकळ. मटणाच्या रश्श्याबरोबर. या एकदा वसईला.

बर्दुबई
मी पण येतो. भोपळा आणतो.

गिरगावकर
नगरची लेक, ती पट्टी निघाली का शेवटी?

नगरची लेक
टर्पेंटाइनने अर्धी निघाली. "येथे बसू" एवढं राहिलंय. वरून व्हार्निश मारून टाकलं.