०डब्ल्यू-२० च्या जागी १५डब्ल्यू-४० ऑइल भरल्याने अ‍ॅव्हरेज किती घटते?

प्रश्न

माझ्याकडे १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी असून तिच्या माहितीपुस्तिकेत ०डब्ल्यू-२० ग्रेडचे ऑइल सांगितले आहे. वॉरंटी संपल्यामुळे मागचे सर्व्हिसिंग घराजवळच्या गॅरेजमध्ये करून घेतले. तेथे १५डब्ल्यू-४० भरल्याचे मला बिल पाहिल्यावर कळले. विचारले असता, आपल्याकडच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, असे उत्तर मिळाले. कोथरूड ते शिवाजीनगर एवढाच माझा रोजचा प्रवास आहे. टाकी फुल करून मोजलेले अ‍ॅव्हरेज पूर्वी लिटरला १६.५ किलोमीटर येत असे. गेल्या तीन टाक्यांत ते १५.३ वर आले आहे. एवढी घट केवळ ऑइलच्या दाटपणामुळे होऊ शकते का?

पहिले उत्तर

आपली घट सुमारे सात टक्के भरते, आणि ती सगळी ऑइलच्या माथी मारता येणार नाही. ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० वापरल्यास इंधनाचा खर्च एक ते दोन टक्क्यांनी वाढतो, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे मार्गदर्शन आहे. आपल्याकडे झालेला बदल त्याहून मोठा आहे, म्हणून परिणामही थोडा अधिक धरावा. पण सात टक्के नव्हे.

ग्रेडमधला शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते हे सांगतो. त्या तापमानाला २० ग्रेडची विष्यंदिता (म्हणजे दाटपणा) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक आणि ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ असते. म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावरही आपले ऑइल दीड-दोन पट दाट असते. ४० अंशांना मात्र ०डब्ल्यू-२० साधारण ४५ च्या आसपास आणि १५डब्ल्यू-४० शंभरच्या वर जाते. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा काही मिनिटांत मध्यावर येतो, पण ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. त्यामुळे आपल्यासारख्या छोट्या फेऱ्यांत इंजिन बहुतेक वेळ दाट ऑइल ढवळण्यातच शक्ती खर्च करते. हाच बदल रोज पुणे-नाशिक करणाऱ्याला कमी जाणवेल.

उरलेल्या घटीसाठी आधी टायरमधील हवा पाहावी. चारही टायरांचा सरासरी दाब एक पीएसआयने उतरला, तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त लागते. शिवाय पंपाचे नोझल कधी लवकर, कधी उशिरा बंद होते. तीस लिटरच्या भरण्यात एका लिटरचा फरक पडला, तरी हिशेब तीन टक्क्यांनी चुकतो.

दुसरे उत्तर

वरील हिशेब मला मान्य आहे, परंतु एक बाजू सुटली असे वाटते. पातळ ऑइलकडे कंपन्या वळल्या, त्यामागे कॅफे निकषांचा (कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावरील सरकारी मर्यादांचा) मोठा वाटा आहे. भारतात २०२२-२३ पासून कंपनीच्या सर्व गाड्यांचे सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन किलोमीटरला ११३ ग्रॅमपर्यंत ठेवायचे आहे आणि तेथे अर्धा टक्कासुद्धा मोलाचा ठरतो. उलट १५० अंशांना, बेअरिंगमध्ये ताण पडत असताना, २० ग्रेडची किमान विष्यंदिता २.६ आणि १५डब्ल्यू-४० ची ३.७ मिलिपास्कल-सेकंद ठेवलेली आहे, म्हणजे तेथे दाट ऑइलचा थर अधिक टिकतो. चार माणसे आणि सामान घेऊन वारंवार घाट चढणाऱ्याने थोड्या दाट ऑइलचा विचार केला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

पहिल्या उत्तरदात्याकडून

घाटाचा मुद्दा योग्य आहे, पण त्यासाठीसुद्धा पुस्तिकेत दिलेल्या पर्यायी ग्रेडपैकीच एक निवडावा. नव्या इंजिनांत ऑइलपंप, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि बेअरिंगमधील फट हे सारे ठरावीक दाटपणा गृहीत धरून बनवलेले असते. राहिला उन्हाचा प्रश्न, तर थर्मोस्टॅट कूलंटला नागपूरच्या मे महिन्यात आणि पुण्याच्या जानेवारीत जवळपास सारख्याच तापमानाला ठेवतो, म्हणून केवळ हवामानाकडे पाहून ग्रेड बदलणे मला पटत नाही. पातळ ऑइलचा थर जेथे तुटू शकतो, त्या कॅमसारख्या भागांसाठी त्यात घर्षण कमी करणारी, बरेचदा मॉलिब्डेनमयुक्त, द्रव्ये घातलेली असतात.

हे ऑइल आजच्या आज काढून टाकण्याइतका धोका मला दिसत नाही. तरीही पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबण्याऐवजी सवड मिळताच फिल्टरसह ते बदलावे. आपल्या छोट्या फेऱ्या पाहता ते फायद्याचे ठरेल.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. टायर तपासले, तर ३३ च्या जागी चारही टायरांत २७ पीएसआयच हवा होती. ती भरून पुढची टाकी त्याच पंपावर, त्याच नोझलवरून फुल केली आणि अ‍ॅव्हरेज १५.६ आले. ऑइल अद्याप बदललेले नाही. आणखी दोन टाक्यांचा आकडा हाती आला की ०डब्ल्यू-२० भरून घेईन, म्हणजे त्याचा परिणाम टायरच्या परिणामापासून वेगळा मोजता येईल.