मदत हवी आहे: जुन्या वास्तूतल्या बुटीक हॉटेलात नेमकी कोणती खोली मागावी?

सांजवारा

जीर्णोद्धार केलेल्या एका ऐतिहासिक इमारतीतल्या हॉटेलात तीन रात्री राहायचं ठरतंय. खोल्या वीस-बावीसच आहेत, पण 'क्लासिक', 'डिलक्स', 'हेरिटेज स्वीट' वगैरे चार प्रकार आहेत आणि फोटोंवरून फरक काही कळत नाही. बरोबर आई आहे. गुडघ्यांमुळे तिला जिने जमत नाहीत आणि तिची झोप फार सावध आहे. मला रोज दोन तास लॅपटॉपवर काम असेल. पैसे भरण्याआधी हॉटेलला काय विचारावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

चुना आणि वीट

अशा ठिकाणी हॉटेल नाही, खोली बुक करायची असते. नव्या हॉटेलात ३०४ आणि ४०४ सारख्याच असतात. इथे शेजारच्या दोन खोल्यांचं छत, खिडकी, जमिनीची पातळी, सगळं वेगळं असू शकतं. प्रकाराचं नाव बहुतेक वेळा क्षेत्रफळावरून ठरतं. आवाज, उजेड, पायऱ्या त्यात धरलेल्या नसतात.

आधी इमारत मुळात कशासाठी बांधली होती ते बघा. अर्धी उत्तरं तिथेच मिळतात. मठाची इमारत असेल तर भिंती जाड, खिडक्या लहान, आणि दोन-तीन कोठड्या जोडून केलेली लांबट खोली. राजवाडा असेल तर छत उंच, पण दालनातून दालनात जाण्याची जुनी दारं आता बंद करून मधल्या भिंतीत तशीच ठेवलेली. गोदाम किंवा गिरणी असेल तर उजेड एकाच बाजूने येतो आणि आतल्या टोकाला दिवसाही दिवा लागतो. बँक किंवा कचेरी असेल तर लिफ्ट बरी असण्याची शक्यता जास्त, पण इमारत हमरस्त्यावर.

दुसरा प्रश्न: ही खोली मूळ इमारतीत आहे की नंतर बांधलेल्या भागात? बोस्टनचं लिबर्टी हॉटेल हे १८५१ सालचं तुरुंग. २००७ मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं, पण बहुतेक खोल्या शेजारी बांधलेल्या नव्या मनोऱ्यात आहेत. यात फसवणूक नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही (वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) जुन्या वास्तूचा नवा वापर मान्य आहे, फक्त मूळ मांडणी आणि सजावट बदलू नये असं म्हटलंय. आणि तुमच्या आईंना कदाचित नवा भागच सोयीचा पडेल. पण निवड तुम्ही करा, ती तुमच्यासाठी आपोआप होऊ देऊ नका.

पोटमाळा

पायऱ्यांबद्दल. "लिफ्ट आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. जुन्या इमारतीत लिफ्ट बहुधा जिन्याच्या पोकळीत किंवा हवेसाठी सोडलेल्या चौकात बसवलेली असते. त्यामुळे ती कधीकधी दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते आणि पुढे सहा-सात पायऱ्या उरतातच. प्रश्न असा विचारा:

"रस्त्यापासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून खोलीच्या दारापर्यंत आणि खोलीच्या आत, प्रत्येक ठिकाणी किती पायऱ्या?"

तीन आकडे लेखी मागा. "फार नाहीत" हे उत्तर चालवून घेऊ नका. आजच्या सोयीच्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर उंच असते. जुन्या जिन्यात २० ते २२ सहज निघते, आणि दुखऱ्या गुडघ्याला तेवढा फरक पुरतो. खोलीत लाकडी माळा काढून पलंग वर ठेवलेला नाही ना, हेही विचारा. 'डुप्लेक्स' किंवा 'लॉफ्ट' शब्द दिसला की ती खोली सोडा.

न्हाणीघर विसरू नका. पाय असलेला जुन्या घडणीचा टब फोटोत सुंदर दिसतो, पण त्याचा काठ ६० सेंटिमीटरच्या आसपास असतो. उंबरठा नसलेला शॉवर आणि भिंतीला पक्का दांडा आहे का, ते विचारा. जुन्या दगडी भिंतीवर रबरी चोषणीचा दांडा लावून देतो म्हणाले तर नको म्हणा. खडबडीत पृष्ठभागावर हवा आत शिरते आणि भार पडल्यावर तो निसटतो.

निशिगंध

वरच्या दोघांना अनुमोदन. झोपेचं सांगते.

जाड भिंत शेजारचं बोलणं अडवते. लाकडी तुळया आणि फळ्यांची जमीन मात्र वरच्या मजल्यावरची पावलं खाली पोचवते, कारण तो आवाज हवेतून न येता लाकडातून येतो. त्यामुळे जमीन लाकडी असेल तर डोक्यावर कुणाची खोली नको. पण अगदी छपराखालची खोली उन्हाळ्यात तापते, तेव्हा ऋतू बघून ठरवा.

बंद केलेलं मधलं दार ही सगळ्यात कमकुवत जागा. "कनेक्टिंग डोअर नसलेली खोली" असंच लिहा. इमारतीच्या आतल्या चौकाकडची खोली शांत समजली जाते, पण चौकात संध्याकाळी उपाहारगृह चालत असेल तर चार भिंतींमध्ये आवाज घुमत राहतो. त्या तारखांना समारंभ आहे का आणि तो किती वाजता संपतो, ते विचारा.

रस्त्याकडची खोली घ्यायचीच असेल तर खिडकीचं विचारा. संरक्षित वास्तूत मूळ खिडक्या बदलायला बहुधा परवानगी नसते, आणि एका तावदानातून वाहतुकीचा आवाज आत येतोच. चांगलं हॉटेल मूळ खिडकीच्या आतल्या बाजूला १० ते २० सेंटिमीटर अंतर सोडून दुसरी काचेची खिडकी बसवतं. आवाज त्या मधल्या पोकळीने घटतो. नुसत्या जाड पडद्याने फारसं काही होत नाही.

चुना आणि वीट

एसीचं राहिलं. काही ठिकाणी संपूर्ण इमारतीला दोनच नळ्यांची व्यवस्था असते: एका वेळी सगळीकडे गार पाणी फिरतं किंवा सगळीकडे गरम. ऋतू बदलताना इमारत 'गरम'वर असली तर तुमच्या खोलीतलं बटण कितीही फिरवा, थंड हवा येणार नाही. "आमच्या तारखांना थंड आणि गरम दोन्ही मिळेल का?" एवढं विचारा. आणि जाड भिंत दिवसा शोषलेली उष्णता आठ-दहा तासांनी आत सोडते, म्हणून पश्चिमेची खोली मध्यरात्री उकडते.

वाय-फाय: ५ गिगाहर्ट्झची लहर दगडी भिंतीत पार दमते. राउटर बाहेरच्या पॅसेजमध्ये असेल तर खोलीत रेंज दिसते, पण व्हिडिओ कॉल अडकतो. खोलीतच अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारं उपकरण) किंवा केबलचं सॉकेट आहे का, ते विचारा. प्लगही मोजकेच असतात, कारण जुन्या भिंतीत चर पाडता येत नाहीत. टेबलाजवळ प्लग हवा हे आधी कळवा.

पोटमाळा

पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी पाच मिनिटं द्या. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर त्याचं दार उघडून आत वास घ्या. ओल तिथे आधी कळते. मग भिंतीच्या तळापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत नजर फिरवा. रंगाचे पापुद्रे, फोड, बोटाला लागणारी पांढरी भुकटी, म्हणजे लोणा. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंट किंवा प्लास्टिक रंग चढवला की ती आत कोंडते, क्षारांचे स्फटिक बनतात आणि गिलावा सुटतो. रंग ताजा असेल तरी वास लपत नाही. तळमजल्यावर हे जास्त.

गरम पाण्याचा नळ सोडून बघा. दोन-तीन मिनिटांत कढत झालं नाही तर लगेच सांगा. दारामागचा आपत्कालीन नकाशा बघून बाहेर पडायच्या जिन्यापर्यंतची दारं मोजून ठेवा. जिना लाकडी असेल तर हे टाळू नका.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारणा केली. दोन पर्याय आलेत: पहिला मजला, चौकाकडे, लिफ्टपासून शून्य पायऱ्या, पण डोक्यावर खोली. किंवा दुसरा म्हणजे शेवटचा मजला, मागच्या बाजूला, तीन पायऱ्या. विनंती "नोंदवली आहे" म्हणतात.

निशिगंध

पायऱ्या शून्य असलेली घ्या, पण आधी दोन गोष्टी विचारा: वरच्या खोलीत गालिचा आहे का, आणि त्या तीन रात्री चौक किती वाजता बंद होतो. गालिच्याने पावलांचा आवाज बराच घटतो. दोन्ही उत्तरं नकोशी आली तर त्या तीन पायऱ्यांना कठडा आहे का ते बघून दुसरी घ्या.

आणि "नोंदवली" म्हणजे नक्की झाली असं नाही. खोल्यांचं वाटप शेवटच्या दोन-तीन दिवसांत होतं. थेट हॉटेलकडून बुक करा, मेलमध्ये खोली क्रमांक लिहून घ्या आणि आरक्षणावर 'डू नॉट मूव्ह'ची खूण टाकायला सांगा. ती असली की खोली परस्पर बदलली जाण्याची भीती कमी. पोचण्याच्या तीन दिवस आधी त्याच मेलला उत्तर देऊन क्रमांक पुन्हा विचारा.